धाकटीचं जाळं, ताईचा जॅमर

धाकटीला घरी सगळे धाकटी म्हणत. एकदा मोठ्या बहिणीचा फोन स्पीकरवर राहिला, "अगं धाकटे!" अशी हाक सगळ्या ऑफिसने ऐकली, आणि तेव्हापासून कंपनीतही तेच नाव झालं. तिची कंपनी सैन्यासाठी वायरलेस सेट बनवत असे. सेट छोटासा, छातीच्या पट्ट्याला अडकवता येईल एवढा. पण त्याला टॉवर लागत नसे. लढाईत टॉवर उभारायला वेळ कुणाला असतो? आणि उभारलाच, तर शत्रू आधी तोच पाडतो. म्हणून प्रत्येक सेटनेच टॉवर व्हायचं. तुझा निरोप मी घेतो, पुढच्याला देतो, तो त्याच्या पुढच्याला. जवान चालत राहणार, टेकडीआड जाणार, पुन्हा दिसणार. सेटनी आपसांत विचारत, वाट बदलत निरोप पोचवायचा. ही वाट शोधायचा प्रोग्रॅम धाकटीने लिहिला होता. सेटची पेटी, अँटेना, बॅटरी हे सगळं कंपनीतल्या बॅटरीकाकांचं. काका निवृत्तीला आले होते, आणि जेवायला बसले तरी समोरच्याला विचारायचे, "चार्ज किती उरलाय?"

चार वर्षांच्या खटपटीनंतर सैन्याने मैदानी चाचणी ठेवली. चाळीस सेट, चाळीस जवान, एक माळ, एक घळ आणि तिच्या पलीकडचा डोंगर. शिवाय जाळं तोडण्यासाठी एक शत्रूपक्ष. शत्रूपक्षाची प्रमुख कोण, हे कळलं तेव्हा धाकटी खुर्चीतून उठलीच.

"ताई?"

सैन्याच्या सिग्नल विभागात ताई मेजर होती. तिने आपणहून कर्नलना जाऊन सांगितलं होतं की सेट बनवणारी माझी सख्खी बहीण आहे, मला या चाचणीतून वगळा. कर्नल हसले होते. "निकाल देणाऱ्या समितीत तुम्ही नाहीच. तुमचं काम तोडायचं. आणि सख्ख्या बहिणीइतकं निर्दयपणे कोण तोडणार?"

आईला हे कळलं तेव्हा तिने दोघींना एकाच वेळी फोनवर घेतलं. "मी कुणाची बाजू घेऊ गं?"

"माझी," दोघी एकदम म्हणाल्या.

"दोघी मेल्या सारख्याच हट्टी," आई म्हणाली. "जा, भांडा. पण घरी येताना एकत्र या."

पहिल्या दिवशी सकाळी माळावरच्या तंबूत लॅपटॉपच्या पडद्यावर चाळीस हिरवे ठिपके उमटले आणि त्यांच्यामध्ये बारीक रेघा आपोआप विणल्या गेल्या. धाकटीच्या अंगावर काटा आला. ऑफिसच्या गच्चीवर तिने हे शंभरदा पाहिलं होतं, पण इथे प्रत्येक ठिपक्यामागे बूट घातलेला एक चालता माणूस होता. तुकड्या पुढे सरकल्या तशा रेघा ताणल्या, तुटल्या, दुसरीकडून जुळल्या. घळीच्या तोंडापासून निघालेला निरोप चार जणांच्या हातून तंबूत आला. कर्नलनी भुवया उंचावल्या. काकांनी धाकटीच्या पाठीत हलकेच गुद्दा घातला.

मग डोंगरमाथ्यावरून ताईचा जॅमर सुरू झाला.

जॅमर म्हणजे मोठ्याने आरडाओरडा करणारं यंत्र. त्याच्या गोंगाटात बाकी कुणाचं काही ऐकू येत नाही. तो सतत ओरडत राहिला असता तर धाकटीची तयारी होती. पण ताई तसं करत नव्हती. क्षणभर इथे ओरडायचं, गप्प व्हायचं, मग तिथे ओरडायचं, पुन्हा गप्प. पडद्यावरच्या रेघा थरथरल्या. मग सगळ्या एकदम लाल झाल्या आणि ठिपक्यांमधलं बोलणंच थांबलं. जॅमर बंद झाल्यावरसुद्धा जाळं कितीतरी वेळ शुद्धीवर आलं नाही. समितीतल्या एकाने पेनाला टोपण लावलं. तो आवाज धाकटीला स्पष्ट ऐकू आला.

"बॅटरी उत्तम चालल्या," काका हळूच म्हणाले.

"काका, प्लीज."

दुपारी जेवणाच्या तंबूत ताई तिच्या समोर येऊन बसली. गणवेशावर धूळ, डोळ्यांत मिश्कील चमक.

"काय केलंस तू?" धाकटीने विचारलं.

"शत्रूला विचारतेस?"

"ताई!"

"मॅडम म्हण. अजून चाचणी चालू आहे." ताईने तिच्या ताटात आपल्या ताटातला गोड पदार्थ सरकवला. लहानपणी धाकटी रडली की ती हेच करायची. "उद्या दुपारी दुसरी फेरी आहे. एवढ्यात रडू नकोस."

"मी रडत नाहीये."

"मग खा."

धाकटीने तो पदार्थ रागारागाने खाल्ला आणि तडक लॅपटॉपकडे गेली. सेट एकमेकांशी काय काय बोलले याची नोंद तिने उलगडली. जवानांचे निरोप जेमतेम होते. बाकी सगळा एकच प्रश्न होता, हजारो वेळा विचारलेला: वाट कुठे आहे? वाट कुठे आहे?

तिला हसावं की डोकं आपटावं कळेना. "काका, ताईने आपलं जाळं तोडलंच नाही. तिने फक्त त्याला घाबरवलं."

"म्हणजे?"

"शेजारचा सेट क्षणभर ऐकू आला नाही की आपला सेट धरून चालतो, तो गेला. मग ओरडून सगळ्यांना विचारतो, नवी वाट सांगा. ऐकणारा प्रत्येक जण तोच प्रश्न पुढे ओरडतो. एका वेळी चाळीस जण ओरडले तर कुणाचं काय ऐकू येणार? ताईने फक्त टिचकी मारली. गोंधळ आपणच घातला."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "लग्नाच्या मांडवात कुणीतरी 'आग' म्हटल्यासारखं."

"अगदी तसं!"

"मग त्यांना शिकव की आधी खरंच आग आहे का बघा."

धाकटीने तेच केलं. शेजारी दिसेनासा झाला तर लगेच हाय खायची नाही. थोडं थांबायचं. हातातला निरोप टाकून द्यायचा नाही, जपून ठेवायचा. तरीही शेजारी आला नाही तरच विचारायचं, आणि तेही आपल्या जवळपासचा कुणी तोच प्रश्न विचारत असेल तर आपण गप्प बसून उत्तर ऐकायचं. सांगायला चार वाक्यं. लिहायला दुपार गेली, संध्याकाळ गेली. पहिल्यांदा सेट इतके सोशिक झाले की शेजारचा सेट काकांनी पेटीत बंद केला तरी हे वाटच बघत बसले. दुसऱ्यांदा जमलं. सकाळी चाळीस जवान चहाचे मग हातात घेऊन रांगेत उभे राहिले, आणि काका एकेका सेटला वायर जोडून नवा प्रोग्रॅम भरत गेले.

"मॅडम, आज तरी चालेल ना?" एका तुकडीप्रमुखाने विचारलं. दणकट, आवाज भरदार, त्याची तुकडी घळीत उतरणार होती. "काल मी अर्धा तास दगडाशी बोलत होतो."

"आज दगडसुद्धा उत्तर देईल," धाकटी म्हणाली.

दुसरी फेरी सुरू झाली. तुकड्या माळ ओलांडून पांगल्या. घळीच्या वळणावर एक जवान थांबला; आतल्यांचे निरोप बाहेर आणि बाहेरचे आत जायला तीच एक जागा होती. बाकीचे आत उतरले. माथ्यावरून ताईने टिचकी मारली.

रेघा थरथरल्या. काही पिवळ्या पडल्या. धाकटीने खुर्चीची पाठ घट्ट धरली. पिवळ्या रेघा तशाच राहिल्या, राहिल्या, आणि पुन्हा हिरव्या झाल्या.

"धरलंन्!" काका ओरडले.

ताईने जोर वाढवला. ती आता जागा बदलत होती, वेळ बदलत होती, कधी लागोपाठ तीनदा तर कधी बराच वेळ काहीच नाही. जाळं डोलत होतं, वाकत होतं, एखादा निरोप उशिरा येत होता, पण येत होता. शेरास सव्वाशेर भेटला होता आणि दोन्ही शेर एकाच आईच्या हातचं जेवून वाढले होते. समितीतले सगळे खुर्च्या सोडून पडद्याभोवती गोळा झाले. कर्नल तर धाकटीच्या खांद्यावरून इतके वाकले होते की त्यांच्या चहाचा वास तिला येत होता.

तेवढ्यात पडद्यावर एक ओळ उमटली. "सराव नाही. पुन्हा सांगतो, सराव नाही. दरड कोसळली. दोन जखमी."

निरोप घळीतल्या त्या दणकट तुकडीप्रमुखाचा होता.

"जॅमर थांबवा," कर्नल म्हणाले.

"तिला कसं कळवणार?" धाकटीच्या तोंडून निघालं. जॅमर चालू असला की ताईच्या गाडीतल्या साध्या वायरलेसला स्वतःच्याच गोंगाटात काही ऐकू येत नसे. पण यासाठी खूण ठरलेली होती. एक सैनिक धावत बाहेर गेला, आणि इशाऱ्याचा लाल बाण सूंकन आकाशात चढून फुटला. पुढच्याच श्वासाला जॅमर गप्प झाला. ताईने क्षणही दवडला नव्हता.

धाकटीला वाटलं, आता सगळं सोपं. तिने पडद्याकडे पाहिलं. घळीतले सगळे ठिपके एकदम विझले.

"सेट बिघडले?" कर्नलनी विचारलं.

"नाही." तिने वळणावरचा ठिपका शोधला. तो नव्हता. "वळणावरचा जवान आत गेला, सर. मदतीला. आपला माणूस खाली पडलाय म्हटल्यावर कोण उभा राहील?" तोच एक दुवा होता, आणि तो आत धावला होता. आता खाली काय चाललं आहे, हे बाहेर कुणालाच कळणार नव्हतं.

रुग्णवाहिका इंजिन चालू करून तयार होती. डॉक्टर, एक तरुण कॅप्टन, तंबूच्या दाराशी आली. "मी घळीच्या खालच्या तोंडाने निघते."

"दरड कुठे पडलीय ते माहीत नाही," कर्नल म्हणाले. "तोंडच बुजलं असेल तर?"

घळीला वरूनही एक वाट होती, पण ती डोंगराला वळसा घालून जात होती. चुकीची वाट धरली की परत फिरण्यातच सगळा वेळ जाणार. इथून दुसरा माणूस वळणावर पाठवायचा, तर तो माळ ओलांडून पोचेपर्यंत फार उशीर. धाकटीची नजर नकाशावरून भरभर फिरली. घळीच्या सगळ्यात जवळ कोण आहे?

ताई.

आणि ताईच्या गाडीत एक सेट होता! शत्रूच्या हाती सेट लागू शकतो, म्हणून नियमानेच तिला एक दिलेला होता, फक्त ऐकण्यापुरता. धाकटीने कुणालाही न विचारता तंबूतल्या साध्या वायरलेसचा माइक उचलला.

"ताई, ऐकतेस?"

"बोल." मॅडम म्हण वगैरे काही नाही.

"तुझ्याजवळ आमचा सेट आहे. बाजूचं झाकण उघड. आत छोटं बटण आहे, ते ऐकण्यावरून बोलण्यावर कर. मग अशी जागा गाठ, जिथून घळीचा तळही दिसतो आणि आमचा तंबूही. बाकी काही करू नकोस. फक्त तिथे उभी राहा."

"उभी राहून काय?"

"तूच दुवा."

क्षणभर खरखर. मग इंजिनाचा आवाज, आणि ताईचा आवाज धक्के खात आला. "उतारावरून एक कडा बाहेर आलाय. गाडी तिथवर जाणार नाही. मी हा वायरलेस घेऊन पळते."

पडद्यावर एक नवा ठिपका उमटला, करडा, कुणाशीच न जोडलेला. तो सरकत होता. थांबला. पुन्हा सरकला. धाकटी त्या ठिपक्याकडे असं बघत होती, की जणू नजरेनेच त्याला ढकलेल. शाळेच्या शर्यतीत ताई धावायची तेव्हा ती मैदानाबाहेरून घसा फुटेस्तोवर ओरडायची. आता ओरडून उपयोग नव्हता, तरी ओठ हलत होते. पळ. पळ ना.

"पोचले," ताई धापा टाकत म्हणाली. "तंबू दिसतोय. खालची माणसं दिसत नाहीत, खडक आडवा येतोय."

"हात वर कर. सेट डोक्याच्या वर धर."

"केला."

"काही नाही. आणखी पुढे."

"पुढे हवा आहे, धाकटे!"

"मग आडवी हो आणि हात बाहेर काढ!"

काकांनी डोळे मिटून घेतले. ताईबरोबरचा ड्रायव्हर मागोमाग धावत आला होता. त्याने तिचे पाय धरले, ती पोटावर झोपून कड्याबाहेर सरकली आणि हात लांबवला. करड्या ठिपक्याचा रंग बदलला. हिरवा. त्याच्यातून एक रेघ तंबूकडे आली, एक खाली घळीत गेली, आणि विझलेले ठिपके एकेक करून पेटले.

मग निरोप आले. खालच्या सेटनी ते टाकले नव्हते, जपून ठेवले होते. वाट मिळताच सगळे एकामागून एक बाहेर पडले. खालचं तोंड बुजलंय. वरच्या वाटेने या. एकाचा पाय मोडलाय, शुद्धीवर आहे. दुसऱ्याच्या मांडीतलं रक्त थांबत नाही. पट्टा बांधलाय तरी थांबत नाही.

"वरची वाट!" कर्नल गरजले, आणि रुग्णवाहिका धुरळा उडवत सुटली. डॉक्टर जाता जाता तंबूतला एक जादा सेट छातीशी लावून घेऊन गेली होती, आणि धावत्या गाडीतूनच ती तुकडीप्रमुखाशी बोलू लागली. तिचा आवाज माळावरच्या जवानांच्या सेटमधून, ताईच्या लांबवलेल्या हातातून, घळीच्या तळाशी जात होता.

"पट्टा जखमेच्या वर आहे ना? आणखी वर घ्या. काठी घाला आणि पिळा. तो ओरडेल. ओरडू दे. पिळा."

"पिळतोय."

"रक्त?"

"कमी झालं," भरदार आवाज आता पार कातर झाला होता. "थांबलं, डॉक्टर. थांबलं."

काकांनी चष्मा काढून पुसला. धाकटीने माइक उचलला. "ताई, हात हलवू नकोस हं. अजून थोडा वेळ."

"हात आहे की नाही हेच कळत नाहीये," ताई म्हणाली. "पण सेट आहे. बोलत राहा माझ्याशी."

धाकटी बोलत राहिली. ऑफिसातल्या गच्चीबद्दल, आईच्या गुडघ्याबद्दल, काकांबद्दल. जे सुचेल ते. मधे मधे डॉक्टरचा आवाज जात होता, स्ट्रेचर उतरल्याचा निरोप आला, आणि शेवटी तो एक शब्द, "निघालो." ताईला ड्रायव्हरने ओढून मागे घेतलं तेव्हा तिचा हात सरळच राहिला होता, कोपरात वाकेना.

दोन्ही जवान वाचले. संध्याकाळी इस्पितळातून तसा निरोप आला. ज्याची मांडी फाटली होती, त्याने शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न विचारला म्हणे, की "आमची तुकडी जिंकली का?"

समितीतल्या पेनवाल्या गृहस्थांनी टोपण काढलं होतं. "यापेक्षा मोठी चाचणी कुठली? माझ्या मते सेट पास."

"नाही, सर." ताई उठून उभी राहिली. उजवा हात गळ्यात बांधलेला. "मी जॅमर बंद केल्यानंतर जे झालं, ती माझी चाचणी नव्हे. जॅमर चालू असताना यांचं जाळं टिकलं, हे खरं. पण माझी फेरी अर्धीच झाली. माझ्याजवळ अजून दोन युक्त्या शिल्लक आहेत. उद्या जवान खरोखरच्या गोळीबारात हे सेट घेऊन उतरणार असतील, तर मला त्या वापरून बघू द्या."

सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं. तिला वाईट वाटेल, असं बहुतेक त्यांना वाटलं असावं.

"आणि आणखी एक," धाकटी म्हणाली. "दुवा असलेला माणूस जागेवरून हलला की सगळी तुकडी मुकी होते. हे आज मी पाहिलं. त्यावर काहीतरी करायला हवं. निदान हलण्याआधी सेटने त्या जवानाला सांगावं, की तू एकटा दुवा आहेस. मला थोडे दिवस द्या. मग मेजर मॅडमनी हव्या तेवढ्या युक्त्या कराव्यात."

कर्नल दोघींकडे आळीपाळीने बघत राहिले. "तुमच्या घरी जेवताना काय बोलता हो तुम्ही?" त्यांनी विचारलं, आणि तंबूत पहिल्यांदाच मोकळं हसू फुटलं.

तिसरी फेरी पुढच्या महिन्यात झाली. ताईच्या पहिल्या युक्तीने जाळ्याचा एक कोपरा तोडला, दुसरी फसली. वळणावरच्या जवानाच्या छातीवर या वेळी सेट थरथरला आणि बारीक आवाजात म्हणाला, "तू हललास तर मागचे तुटतील." त्या बिचाऱ्याने दचकून दोन्ही हात वर केले, आणि समितीची हसून पुरेवाट झाली. निकाल लागला तो असा, की तोडलेला कोपरा दुरुस्त करा आणि मग दोनशे सेट घेऊन या.

दोनशे! चाळिसांत जे निभलं ते दोनशेंत निभेलच असं नाही, हे धाकटीला पक्कं ठाऊक होतं. सगळं नव्याने बिघडणार होतं. तिने काकांना फोन लावला.

"काका, दोनशे बॅटऱ्या."

पलीकडे किल्ल्या वाजल्याचा आवाज आला. "उद्या किती वाजता येतेस?" काका म्हणाले. "मी आत्ता वर्कशॉपला कुलूप लावून निघत होतो. थांब, परत उघडतो. तू आत्ताच ये."